गणना कोणत्या वारी केली?

तात्यासाहेब कोणतीही गोष्ट तीन भागांत विचारत. सकाळी शहरातल्या वाडी नावाच्या पेठेतल्या त्यांच्या कचेरीत शिरून मी टाइपरायटरवरचं कापड काढते न काढते, तोच आवाज यायचा, "कुंदाबाई, अ) आज आपल्याला पंधरा मिनिटं उशीर झाला, हे खरे आहे काय? ब) असल्यास, त्याची कारणे काय? क) नसल्यास, भिंतीवरचं घड्याळ पुढे गेले आहे काय?" पहिल्या आठवड्यात मला रडू यायचं. दुसऱ्या आठवड्यापासून मीही उत्तर द्यायला लागले, "अ) होय. ब) न्यायमंदिरापाशी लग्नाच्या वरघोड्याची मिरवणूक होती. क) प्रश्न उद्भवत नाही." ते खूश झाले. माणूस कामाचा आहे असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं असावं.

ते आमच्या भागाचे खासदार. आजोबा इथल्या गुजराती संस्थानात कारभारी, वडील शिक्षणखात्यात, आणि हे कायद्याचे प्राध्यापक असताना लोकांनी धरून निवडणुकीला उभे केलेले. घरात मराठी सोवळ्यातली, दाराबाहेर गुजराती अस्सल वाडीची. दिल्लीत लोक भाषणं करून नाव काढत, ह्यांनी प्रश्न विचारून काढलं. विषय एकच, देशाची वाहतूक. तो काळ असा की सभागृहात ज्याला त्याला रुंद रस्ते आणि परदेशी मोटारी यांवर बोलायचं होतं. सगळं खुलं झालं होतं ना. तात्यासाहेब म्हणत, "मोठ्या रस्त्यावर बोलायला पुष्कळ आहेत. मी जिथे रस्ता रूळ ओलांडतो, तिथे उभा आहे."

घरीसुद्धा तेच. माईंना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, ते विचारायचे, "अ) आज कढी आहे, हे खरे आहे काय?" माई पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "माहिती गोळा करण्यात येत आहे." मंत्र्यांचं हे ठरलेलं उत्तर ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडायची आणि माईंना हसू आवरायचं नाही. माई सोडल्या तर त्यांची इतकी मजेत खोडी काढणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही.

शहराच्या कडेला, गोरव्याच्या कारखान्यांपलीकडे, रेल्वेचा एक शाखामार्ग होता. त्यावर एके ठिकाणी रस्ता रूळ ओलांडायचा, पण तिथे ना फाटक, ना माणूस. नुसती एक गंजकी पाटी. तिथे रमणभाई नावाचा लेथवरचा कामगार सकाळच्या पाळीला सायकलवरून जाताना गाडीखाली गेला. त्याची बायको कमळाबेन महिनाभराने कचेरीत आली. भरपाईबद्दल चकार शब्द काढला नाही. बाकावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "साहेब, फाटक क्यारे आवशे?" फाटक केव्हा येणार? तिच्या दोन मुली त्याच रुळांवरून शाळेत जायच्या.

त्यानंतर दर महिन्याला ती येऊ लागली. तोच बाक आणि तोच प्रश्न.

तात्यासाहेबांनी प्रश्न टाकायला सुरुवात केली. त्याची गंमत अशी, की संसदेत प्रश्न दिला म्हणजे विचारला असं होत नाही. चिठ्ठ्या टाकून क्रमांक काढतात. तासाभरात पहिले चार-पाच प्रश्न होतात, बाकीच्यांना छापील उत्तर मिळतं आणि विषय मिटतो. आमचा क्रमांक कधी अकरावा, कधी सोळावा. छापील उत्तर दर वेळी तेच, की सदर ठिकाणी गणना केली असता वाहतूक निकषापेक्षा कमी आढळली, सबब फाटक मंजूर करता येत नाही.

ही गणना म्हणजे काय, ते कमळाबेननेच सांगितलं. एक माणूस छत्री आणि वही घेऊन रुळांशी दिवसभर बसला होता. तिने त्याला पाणी नेऊन दिलं आणि सांगितलंसुद्धा, "भाई, आजे तो रजा छे." त्या काळी गोरव्याच्या कारखान्यांना रविवारची नव्हे, गुरुवारची सुट्टी असे, विजेच्या पाळीमुळे. बाहेरगावच्या माणसाला ते कुठलं ठाऊक? रविवार टाळून तो बिचारा शहाणपणाने गुरुवारी आला. त्या दिवशी रूळ ओलांडले चार बैलगाड्यांनी आणि एका दूधवाल्याने. त्यानेही इमानदारीने तेवढेच लिहिले.

तात्यासाहेब ते ऐकून खुर्चीतून उठले. "कुंदाबाई, घ्या लिहून. पूरक प्रश्न. गणना कोणत्या वारी केली?" बास, एवढंच. प्रश्न सभागृहात तोंडी आला, तरच मंत्र्याच्या उत्तरावर लगेच असा पूरक विचारता येतो. मंत्र्याला 'गुरुवारी' म्हणावं लागेल, मग फेरगणना करू असं म्हणावं लागेल, आणि सभागृहात दिलेलं आश्वासन बुडवता येत नाही, त्याचा पाठपुरावा करणारी समितीच असते. मी मधेच म्हटलं, "आणि फाटक केव्हा येणार, तेही विचारायचं ना? ती तेच तर विचारते." ते भडकले. "केव्हा विचारलं की उत्तर येतं, लवकरच. केव्हा म्हणजे प्रश्न नव्हे, मंत्र्याला दिलेली पळवाट आहे. माझ्या प्रश्नात 'केव्हा' दिसता कामा नये." मी तो शब्द खोडला. मंत्र्यांच्या बाबतीतही त्यांचा असाच एक कडक नियम होता, विचारलं तेवढंच उत्तर द्यावं. कोणी मंत्री इकडचं तिकडचं बोलायला लागला की हे उभे राहून हरकत घेत. सगळं सभागृह त्यांना त्यासाठी ओळखायचं.

तो पूरक प्रश्न चार वर्षं त्यांच्या खिशात राहिला. क्रमांक कधी वर आलाच नाही.

मग सरकार बदललं. तात्यासाहेबांचा पक्ष इतर दहा पक्षांच्या आधाराने सत्तेवर आला आणि त्यांना राज्यमंत्री केलं. खातं तेच, वाहतुकीचं. वाडीत पेढे वाटले, मला दिल्लीला नेलं, आणि कमळाबेन स्टेशनवर हार घेऊन आली. मला वाटलं, झालं, आता आठ दिवसांत फाटक. कसलं काय. फाइल वर गेली की खाली यायची, शेरा तोच. एका ठिकाणी फेरगणना केली तर देशभरातून मागणी येईल, धोरण मोडेल. वरिष्ठ मंत्री म्हणाले, तात्यासाहेब, तुम्ही तर नियमाचे माणूस. आणि ह्यांनी फाइल मिटली. मोठी खोली, तीन टेलिफोन, दाराशी शिपाई, आणि आत आमचा माणूस कोंडलेला. वाडीच्या कचेरीत ते कुणालाही काहीही विचारू शकत होते. इथे ते फक्त उत्तरं देऊ शकत होते, तीही दुसऱ्याने लिहिलेली. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा.

आणि नेमकं तेव्हाच विरोधी बाकावरच्या एका तरुण सभासदाने बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर प्रश्न दिला, त्यात आमच्या ठिकाणाचंही नाव, आणि क्रमांक निघाला पहिला. चार वर्षं आम्ही ज्याची वाट पाहिली, तो क्रमांक. उत्तर देणार तात्यासाहेब.

त्या दिवशी सकाळी त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर एक चिठ्ठी होती, त्यांच्याच अक्षरात, हिंदीत. गणना किस वार को की गई? "त्या सभासदांना नेऊन द्या. म्हणावं, पूरक म्हणून एवढंच विचारा. विचारलं की मी फेरगणनेचं आश्वासन देतो. एकदा सभागृहात बोललो की मग कोणी मागे घेऊ शकत नाही." बोलताना त्यांनी ती चिठ्ठी दोनदा उलटून पाहिली. मंत्र्याने विरोधकाला प्रश्न पुरवायचा, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

मी ती चिठ्ठी नेली. व्हरांड्यात त्या सभासदाने ती वाचली, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हसून म्हणाला, "मंत्रीजी हमें इतना भोला समझते हैं?" त्याला वाटलं, हा डाव आहे, विचारलं की तोंडघशी पाडतील. चिठ्ठी त्याने घडी करून खिशात टाकली. मी परत आले. तात्यासाहेबांनी विचारलं, "दिली?" मी म्हटलं, "दिली."

तो काय म्हणाला, ते मी सांगितलं नाही. ते आधीच इतके घाबरलेले, त्यात आणखी कशाला, असं वाटलं. कदाचित तो विचारेलही, असंही वाटलं. आज काहीही वाटत असलं तरी त्या वेळी माझ्या तोंडून एवढंच निघालं.

अधिकाऱ्यांच्या सज्ज्यातून मी पाहत होते. तात्यासाहेब उभे राहिले आणि त्यांनी तेच उत्तर वाचलं. गणना केली असता वाहतूक निकषापेक्षा कमी आढळली. इतकी वर्षं मीच फाइलला लावलेलं ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना मला खाली बघावंसं वाटलं. मग पूरकासाठी तो सभासद उठला. तात्यासाहेब त्याच्याकडे डोळे लावून उभे. त्याने विचारलं, मंत्रिमहोदय स्वतः या क्रॉसिंगवर शेवटचे कधी गेले होते? सभागृहात हशा पिकला. तात्यासाहेबांनी तारीख सांगितली. दुसरं पूरक मोटारींच्या करावर गेलं. त्याचंही त्यांनी उत्तर दिलं, विचारलं तेवढंच. क्षणभर ते तसेच उभे राहिले, ओठ हलल्यासारखे झाले, आणि अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला. ते खाली बसले.

ते सरकार लवकरच कोसळलं. पुढच्या निवडणुकीत तात्यासाहेब हरले आणि आम्ही पुन्हा वाडीत आलो. आता ते कोणीच नव्हते, पण कमळाबेन महिन्याला येतच राहिली. माई म्हणायच्या, "नाहीत म्हणून सांगा तिला." ते ऐकत नसत. "तिने विचारलं, तर मला उत्तर देणं भाग आहे." ती विचारायची, ते म्हणायचे, "नथी आव्युं, बेन." नाही आलं, एवढंच. मग दोघं चहा प्यायची. महिन्याची ती तारीख जवळ आली की दोन दिवस आधीपासून त्यांचं जेवण कमी व्हायचं.

एकदा तिनेच त्यांची समजूत काढली. गावातल्या कोणीतरी तिला सभागृहातला तो प्रकार पेपरातून वाचून दाखवला होता. तुम्हाला त्या दिवशी कोणी विचारलंच नाही, तर तुम्ही काय करणार, असं ती म्हणाली. तात्यासाहेबांनी कप खाली ठेवला. "कोईए पूछ्युं नहोतुं, बेन. पण हुं बोली शक्यो होत." मी बोलू शकलो असतो. कमळाबेन चहा संपवून गेली. पुढच्या महिन्यात नेहमीसारखी आली.

त्या दिवशी ती गेल्यावर मला राहवलं नाही. व्हरांड्यातला तो सभासद, त्याचं हसणं, माझं 'दिली', सगळं सांगून टाकलं. तो विचारणार नाही हे त्यांना आधी कळतं, तर ते आपणहून बोललेही असते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अ) हे खरे आहे काय?"

"होय," मी म्हटलं.

मी ब)ची वाट पाहिली. असल्यास, त्याची कारणे काय. त्यांनी विचारलं नाही. "चला, टपाल पाहू," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी सोडून दिलेला तो एकच भाग. तेवढ्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे, आणि तेवढंच मला अजून टोचतं.

ते गेले त्यानंतर वर्षभराने माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. आता कोणीही सरकारला विचारू शकत होतं, क्रमांक नको, चिठ्ठी नको. माईंनी कचेरी माझ्याकडेच ठेवली होती. मी त्याच टाइपरायटरवर एका ओळीचा अर्ज केला. गणना कोणत्या वारी केली? महिन्याने टपालाने उत्तर आलं, एकाच शब्दाचं. गुरुवार.

तो कागद हातात घेऊन मी एकटीच त्यांच्या खुर्चीसमोर बसले आणि रडले.

कमळाबेन आली तेव्हा मी तिला तो वाचून दाखवला. केस पांढरे झाले होते, एक मुलगी सासरी गेली होती, दुसरी त्याच रुळांवरून कारखान्यात कामाला जात होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "एटले फाटक क्यारे आवशे?" तात्यासाहेबांची खुर्ची रिकामी. उत्तर मला देणं भाग होतं. "नथी आव्युं, बेन. फेरगणनेचा अर्ज करते आहे."

मी कागद चढवला. अर्जदाराच्या जागी माझं नाव टाइप करणार, तर तिने माझा हात धरला. "मारा नामे लखो." मी तिचं नाव लिहिलं. अ) सदर गणना कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी झाली, हे खरे आहे काय? ब) असल्यास, कामाच्या दिवशी फेरगणना करण्यात येणार आहे काय? क) नसल्यास, त्याची कारणे काय?

"बस?" मी विचारलं.

"अने छेल्ले लखो," ती म्हणाली, "फाटक क्यारे आवशे?"

तात्यासाहेबांनी तो शब्द खोडला असता. मी ड) टाइप केला, फाटक केव्हा येणार, आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने एकेक अक्षर जुळवत गुजरातीत सही केली.