मेलेल्या रोपांची मोजणी

एखाद्या जंगलात माणसांना बंदी घालायची शिफारस होते, तेव्हा मोजणी कोणत्या महिन्यात केली, हे तुम्ही कधी विचारलंय का?

मीही विचारलं नव्हतं. आणि मोजणी माझीच होती.

एम.एस्सी.च्या संशोधनासाठी पांढरकवड्याकडच्या एका पोडाजवळ, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीजवळ, मी प्लॉट आखले होते. प्लॉट म्हणजे दोरीने घेरलेला दहा बाय दहा मीटरचा चौकोन. त्यातलं प्रत्येक रोप मोजायचं, जिवंत की मृत ते लिहायचं. मार्च महिना. तेंदूची रोपं जागोजाग कापलेली, नुसते खुंट उरलेले. मी लिहीत गेले: मृत, मृत, मृत.

गाईड सर खूश. "ट्रेंड क्लिअर आहे. पोडाचा वावर बंद करा, अशी शिफारस वनखात्याच्या मीटिंगमध्ये मांडू."

कापूस हातचा गेलेली ती वर्षं. उन्हाळ्यात पोडाची चूल बिडीसाठी तेंदूपत्ता विकूनच पेटायची. तरी मी होकार दिला. 'आकडे खोटं बोलत नाहीत' हे वाक्य कॉलेजच्या पत्रकांवर मीच छापलं होतं.

शेवटच्या प्लॉटवर पोडातल्या रामबाई मावशी मोहफुलं वेचत होत्या. वहीत डोकावल्या.

"काय लिवून राह्यली वो बाई?"

"मेलेली रोपं, मावशी."

"कोनं मारले त्यायले?"

"तुम्हीच कापलीत ना?"

त्या इतक्या हसल्या की टोपली कलंडली. "पत्ता कवळा याले पाह्यजे म्हनून आमी दरसाल छाटतो. इतकी शिकली कायले तू?" विळ्याच्या टोकाने त्यांनी खुंटाशेजारी उकरलं. वर बोटाएवढा खुंट, खाली मनगटाएवढं ओलं मूळ. "हे मेलं?"

त्याच दिवशी सरांना फोन केला. "सर, माझा डेटा चुकलाय."

"मीटिंग आठ दिवसांवर आहे."

"मग चुकलाय एवढंच सांगा. पालवी फुटली की पुन्हा मोजते."

"डिग्री लांबेल."

"लांबू द्या."

सर बरेच चिडले, पण शिफारस मागे घेतली. एप्रिलअखेर त्याच खुंटांना तांबूस पालवी आली. पोडाने पत्ता तोडला. मी 'मृत'च्या रकान्यावर काट मारत हिंडले. रामबाई जाता-येता विचारायच्या, "आज किती जित्ते केले, मॅडम?"

तुमच्या ग्रामसभेत जंगलाचा अहवाल आला, तर दोनच प्रश्न विचारा: कोणत्या महिन्यात मोजलं? तिथे राहणाऱ्या कोणाला विचारलं? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. खाली माझं नाव असलं, तरीही.