काशीची व्हॅन तापली की बोलते

"नारळ फुटला, हार पडला, आता कसली तपासणी?"

"नारळ तुमी फोडला, दाजी. गाडी मना चालवायची हाय!"

"अगो, जुनी गाडी म्हटली की वाजायचीच. माझे गुडघे न्हाय वाजत सकाळी?"

"तुमचे गुडघे वाजले तर आक्का तेल चोळते. ही वाजली तर माझ्या बायकांची शिफ्ट चुकते!"

राहनाळच्या त्या अंगणात पांढरी व्हॅन उभी होती आणि तिच्या दोन बाजूंना काशी आणि तिचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, कोंबड्यांसारखे भिडले होते. उंबऱ्यात आक्का, हातात लाटणं. भाकऱ्या टाकून भांडण बघायला आली होती.

चूक दाजींचीच होती. जुन्या गाड्या विकणारा कशेळीचा मोरूशेठ गाडी सकाळी नुसती दाखवायला घेऊन आला होता. पण दारात गाडी आली आणि माणूस कोरडा राहिला, असं दाजींच्या हातून होणं नाही. त्यांनी थेट गावदेवीसमोर नारळ फोडला, मोरूशेठला खोबरं भरवलं, "गाडी आमची!" म्हणून शब्दही देऊन टाकला. काशी तेव्हा ड्युटीवरून येत होती. देवळाकडून परतलेली व्हॅन वळण घेऊन दारात थांबताना तिनं पाहिली, त्याआधी ऐकली. एक बारीक घूंऽऽ. मोरूशेठ रिक्षानं निघून गेला, आणि ते घूं काशीच्या कानात राहिलं.

काशीच्या कानाची गोष्ट गावाला ठाऊक होती. बापाची खाडीत होडी होती. इंजिन बिघडलं की तो वल्ह्याचं एक टोक इंजिनाला लावायचा, दुसरं पोरीच्या कानाला. "काय बोलतंय सांग." पोर सांगायची. पुढे तीच पोर लोकांच्या गाड्या चालवू लागली. गोदामात कामाला जाणाऱ्या बायकांना कामतघरहून आणायचं, परत सोडायचं. गाडी कायम दुसऱ्याची. मालकाच्या पुतण्याचं लग्न निघालं की काशीची गाडी गेली वरातीला, आणि बायका फाट्यावर उभ्या. आता स्वतःची घ्यायची वेळ आली होती. तीही अशी, की हिनं रस्त्यात मान टाकली तर बायका पुन्हा कोणावर भरवसा ठेवणार नाहीत.

तिनं इंजिन सुरू केलं. न्यूट्रल. पाय क्लचवर, पाय बाहेर. काहीच नाही! व्हॅन मुक्या गाईसारखी उभी.

"बघ!" दाजी टाळी वाजवून म्हणाले. "वाजते ती तुझ्या डोक्यात!"

काशीचे डोळे मात्र चमकले. "दाजी, सकाळी आली तेव्हा तापलेली होती. आता थंड हाय, म्हणून गप्प हाय. हिला तापवा, मग बघा! आक्का, लाटणं दे."

"माझं लाटणं? कशाला?"

"दे तर!"

"मग मी पण येते. लाटणं एकटं पाठवायची न्हाय मी."

गोदामाच्या गेटवर शिफ्ट सुटली होती. बायका नेहमीची गाडी शोधत होत्या, तर काशी नव्या गाडीतून हाका मारतेय, शेजारी दाजी आणि आक्का. "आधी कशेळी, मग घर! गाडी तपासायची हाय, वजन पाहिजे!"

"वजन म्हंजे आमी?" कामतघरची नेत्रा चढत म्हणाली. "मेरेकू पैले बोलती तो दो डब्बे खाती ना!"

हसण्याचा नुसता धुरळा उडाला. काशीनं आरशातून सगळ्यांवर नजर फिरवली. "एक अट हाय. कोनी बोलायचा न्हाय."

त्या गाडीत असं कधी घडलं नव्हतं. बायका गच्च भरलेल्या आणि चिडीचूप! कोणी पदर तोंडात धरला, कोणाचे खांदे हलत होते. बाजूनं कंटेनर धडधडत गेले. पहिला, दुसरा, तिसरा... खाडीचा वारा लागायला लागला, आणि फरशीखालून आलं. घूंऽऽऽ.

"आलं!" काशी स्टिअरिंगवर थाप मारून ओरडली. "आलं गो बाय!"

तिनं गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली. पाय बाहेर, घूंऽऽ. क्लच दाबला, गप्प. सोडला, घूंऽऽ.

"क्लचची बेरिंग असंल," दाजी अजून हटत नव्हते. "बारीक काम."

"क्लचची असती तर दाबल्यावर ओरडली असती. दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्सची फारकत होते, गिअरबॉक्स फिरायचा थांबतो. तो थांबला की आवाज थांबतो. म्हंजे रडतंय कोन? या, तुमच्या पायानं बघा!"

दाजी बसले. दाबला. सोडला. दाबला. सोडला. त्यांच्या भुवया हळूहळू टकलाकडे सरकत गेल्या.

काशीनं शेजारची सीट उचलली, लाटण्याचं एक टोक गिअरबॉक्सच्या लोखंडाला टेकवलं, दुसरं कानाला. "आत खडे दळल्यागत वाजतंय! ऐका!" दाजींनी ऐकलं. आक्कानं ऐकलं. मग तर मागून रांगच लागली. "मना पण!" "सरक ना गो!" नेत्रा कान लावून किंचाळली, "अरे, इसमें तो लूम चालू है!"

"पण मग थंड असताना गप्प का?" दाजींनी विचारलं. या वेळी खरंच विचारलं.

"तेच बघायचंय," म्हणत काशीनं गाडी मोरूशेठच्या आवारात घातली. पाना मागितला, खाली सरकली आणि गिअरबॉक्सचं बूच सैल केलं. टबात गरम तेल पडलं. तेल कसलं, काळी पेजच! दाजींनी बोट बुडवून चोळलं. लाकडाचा भुसा. थंड असताना घट्ट बसून आवाज दाबायचा, तापला की पातळ.

टब केबिनमध्ये टेबलावर गेला. मोरूशेठनं चहाचा कप बाजूला घेतला. "आधीच्या मालकानं घातला असंल."

"असंल. मी न्हाय म्हणत न्हाय," काशी म्हणाली. "आणि गाडी मना आवडलीच हाय! इंजिन ठणठणीत, क्लच घसरत न्हाय, तिसरा गिअर कसा लोण्यासारखा पडतो! तुमी गिअरबॉक्स खोला, बेरिंगा नव्या घाला, चांगलं तेल भरा. मी परत बायका भरून तापवते. गप्प राहिली तर माझी. रडली तर तुमची."

बाहेरून खिडकीला बायकांची डोकी चिकटली होती.

मोरूशेठनं काशीकडे पाहिलंच नाही. तो दाजींकडे वळला. "खोबरं खाल्लंय आपण, दाजी. देवीसमोर शब्द दिलास तू. आता मेहुणीचं लाटणं सांगंल ते खरं? बोल ना! तुझा शब्द मोठा का तिचा कान?"

दाजींनी बोटाचा भुसा धोतराला पुसला, खुर्ची मागे सरकवली आणि "पाने घे रे, गिअरबॉक्स खोलायचा हाय!" अशी हाक देत ते केबिनबाहेर पडून सरळ आवारातल्या फिटरच्या शेडकडे चालू लागले.