आबांनी कुळवलेली जपानी बाग

लेकीकडं मुक्काम करण्यात आमच्या आबांचा विक्रम दीड दिवसाचा. समुद्रकाठच्या त्या गावात बहिणीला नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. आबा दर खेपेला दुसऱ्या दिवशीच पिशवी भरून दारात उभे. "गावाकडं तेरला रान वाट बघतंय," म्हणायचे. रान कुणाची वाट बघत नसतं, हे त्यांना कोण सांगणार! यंदा बहिणीनं मला दम भरला, "दादा, आठ दिवस ठेवून घ्यायची जबाबदारी तुझी."

आधी समुद्र दाखवला. "एवढं पाणी, आन् एक वाफा भिजंना," म्हणून त्यांनी पाठ फिरवली. मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी पिशवी भरायच्या आत त्यांना गावातल्या जपानी बागेत नेलं.

तळं, लाल पूल, नारळाखालचे बांबू, कशाकडंही त्यांनी बघितलं नाही. पुढं पांढऱ्या खडीचं अंगण होतं. खडीत दाताळ्यानं ओढलेल्या रेघा, मध्ये तीन मोठे दगड. आबा थबकले.

"कुळवणी झ्याक हाय. पर दगड कुणी वेचायचे?"

"ते बघायलाच ठेवलेत, आबा."

"दगड बघायला तिकीट काढलंस व्हय?"

मी उत्तर जुळवेपर्यंत त्यांनी चपला काढल्या. कुळवलेल्या रानात आमच्या घरचं कुणी चपला घालून उतरत नाही. खडीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत जाऊन मधला दगड हलवायला लागले. शिट्टी वाजली. रखवालदार धावला, मागून दाताळं घेऊन माळी. माझी पाचावर धारण बसली. आता हाकलणार आणि आबांना पिशवी भरायला आयतं कारण मिळणार!

आबांनी वळून रेघांवरची आपली पावलं बघितली आणि ओशाळले. माळ्याच्या हातातलं दाताळं घेतलं, मागं मागं सरत सगळी पावलं पुसत बाहेर आले. रेघा अगदी सरळ.

"आजोबा, हात बसलाय की," माळी म्हणाला. "पण दगडाला गोल वळसा घालायचा असतो."

आबांनी जन्मात गोल कुळवलं नव्हतं. ते त्यांना फार लागलं. मग रोज सकाळी सातला आबा बागेत, माळ्याच्या हाताखाली.

नवव्या दिवशी मीच त्यांची पिशवी भरली. आबा म्हणाले, "आनखी दोन दिस ऱ्हातो. मधल्या दगडाचा वळसा वाकडा येतोय."

बहीण दारात ऐकत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीन वर्षं बोलावतेय," ती म्हणाली. "मी दगड असते, तर बरं झालं असतं."

आणि पिशवीतली धोतरं काढून परत खुंटीला लावायला लागली.