मामांच्या गाडीतला कोड

एका सेलमध्ये मी ऑनलाइन स्कॅनर मागवला. काडेपेटीएवढी डबी. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात ती खोचायची आणि मोबाईल जोडायचा. मग गाडीला काय दुखतंय ते गाडी स्वतःच कोडमध्ये सांगते. नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीच्या पार्किंगमध्ये मी सगळ्यांच्या गाड्या तपासल्या, ज्यांना काही झालं नव्हतं त्याही. साहेबांच्या गाडीत एक कोड निघाला, तेव्हापासून माझी चाल डॉक्टरसारखी झाली असं बायको म्हणते.

हसनाबादचे माझे सासरे मात्र या डबीला मानत नव्हते. मी त्यांना मामा म्हणतो. निवृत्त मुख्याध्यापक. "इंजिन कानानं कळत असतंय, जावईबापू," हे त्यांचं ठाम मत. शिवाय माझ्या गाडीत बसले की त्यांचं लक्ष काट्यावर. सत्तर दिसले की म्हणायचे, "साठ. साठ बराबर आहे." मागच्या सीटवर माझे वडील मान डोलवायचे. दोघे व्याही एरवी एकमेकांशी फार अदबीनं वागत, पण माझ्या ड्रायव्हिंगवर त्यांचं एकमत होतं.

एका रविवारी बायको, वडील आणि मी हसनाबादला गेलो. मामांची गाडी अंगणात उभी होती. दोन आठवड्यांपासून तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, आणि चढावर ती झटके देत होती. कानानं काही कळलं नव्हतं.

"बघा मंग तुमच्या डबीनं," मामी म्हणाल्या. मामा "कशाला, कशाला" करत राहिले. वडील पेरूच्या झाडाला फळं किती लागलीत ते बघायला निघून गेले. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

डबी खोचली. कोड आला. एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथं पेट्रोल नीट पेटत नव्हतं. मी छाती फुगवून सगळ्यांना समजावून सांगितलं. मामींनी दोन प्रश्न विचारले, आणि मला आणखी हुशारी दाखवायची हुक्की आली.

"एवढंच नाही मामी. बिघाड झाला त्या क्षणी गाडी कशी चालली होती तेसुद्धा ह्यात साठवलेलं असतं." मी बटण दाबलं आणि मोठ्यानं वाचलं, "इंजिनाचं तापमान ब्याण्णव. वेग... एकशे सतरा."

मामी मोबाईलजवळ सरकल्या.

"किती?" मामींनी विचारलं.

मी मोबाईल पुसून परत बघितला. एकशे सतराच होते.

मामी मामांकडे वळल्या. "दिवा कवा लागला म्हनलात?"

"ते... पाहुण्याला भेटायला गेल्तो तवा."

पाहुणे म्हणजे कुंभार पिंपळगावचे. त्या दिवशी मामा आधी आमच्याकडे आले होते आणि वडिलांना सोबत घेऊन गेले होते. संध्याकाळी परत आल्यावर दोघांनीही रस्ता किती खराब आहे ते सविस्तर सांगितलं होतं.

"कुंभार पिंपळगावच्या रस्त्यानं एकशे सतरा?" मामी म्हणाल्या. "बैलगाड्या उडवत गेले का काय?"

"डबी चुकत असंल," मामा म्हणाले. "चिनी माल आहे, बिलकुल भरवसा न्हाई."

मी पण घाईघाईनं म्हणालो, "हो हो, चुकू शकते." माझी सगळी डॉक्टरकी मी तिथल्या तिथं सोडून द्यायला तयार होतो.

तेवढ्यात पेरूच्या झाडाखालून वडिलांचा आवाज आला. त्यांना राहवलं नाही.

"एकशे सतरा न्हाई. एकशे वीस गेल्तो आपण."

मामांनी डोळे मिटून घेतले.

मग सगळं बाहेर आलं. पाहुण्याकडे ते गेलेच नव्हते. समृद्धी महामार्ग एकदा बघू म्हणून दोघे वर चढले. मामा ऐंशीवर होते. तेवढ्यात एका पोरीनं ओव्हरटेक केलं आणि वडील म्हणाले, "व्याहीबुवा, दाबा." मामांनी दाबलं. "अजून दाबा," वडील म्हणाले. हे सांगताना दोघांचेही चेहरे असे खुलले होते की बायकोला हसू आवरेना.

मामी हसल्या नाहीत. "आन् मला पंधरा वर्षांपासून साठनं नेऊन राह्यले," एवढं म्हणून आत गेल्या. दुपारच्या जेवणात मामांना भाकरी वाढली, ती फार शांतपणे.

हात धुताना मामांनी मला बाजूला घेतलं. "हे पुसता येतं का?"

"येतं की. कोड आणि वेग, दोन्ही जातात."

"मंग वाचायच्या आधी नव्हतं का पुसता येत?"

सोमवारी मामा गाडी जालन्याला घेऊन आले. मेकॅनिकनं एक नंबरच्या सिलिंडरला ठिणगी देणारी इग्निशन कॉइल बदलली आणि झटके थांबले. गाडी नीट झाल्याची खात्री करायला मोठ्या रस्त्यावर एक चक्कर मारायची ठरली. मामी सोबत आल्या होत्या. वडील पुढच्या सीटकडे निघाले तेव्हा मामींनी त्यांना मागं बसवलं आणि स्वतः मामांशेजारी बसून पट्टा ओढून घेतला.

"चला," त्या म्हणाल्या, "मला बी बघू द्या काय असतंय ते."