डिमीटरची लेक आणि माझं पोस्टकार्ड

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कलेक्टर कचेरीत साहेबांच्या आधी कपाटं आली. उस्मानाबादहून ट्रक भरभरून दप्तरं यायची आणि ती लावून घ्यायचं काम माझ्या वडिलांकडे होतं. ते तिथं कारकून होते. एका कपाटाचा पाय आखूड निघाला, तर हमालांनी हाताला लागलेलं एक जाड पुस्तक त्याखाली सरकवलं. वडिलांनी त्या जागी फरशीचा तुकडा घातला आणि पुस्तक माझ्यासाठी घरी आणलं. मी पाचवीत होते आणि किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नव्हते.

पुस्तकाची पुढची-मागची पानं गेलेली होती. त्यामुळे त्याचं नाव काय, ते कुणी लिहिलं, हे मला आजतागायत ठाऊक नाही. आत मात्र ग्रीस देशातले झाडून सगळे देव होते, तेही मराठीत. झ्यूस हातात वीज घेऊन बसलेला. पाऊस पाडणं त्याच्याकडे, पण त्याचं निम्मं लक्ष दुसऱ्यांच्या बायकांवर. पोसायडनकडे अख्खा समुद्र. आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा, त्यामुळे एकाच देवाला एवढं पाणी देणं मला सरळसरळ वशिलेबाजी वाटली. हेफेस्टस नावाचा एक लंगडा लोहार होता. देव असून दिवसभर भट्टीपुढे घाम गाळणारा. तो आईला फार आवडला.

आई शिकलेली नव्हती, पण प्रश्न विचारण्यात माझी गुरू होती. मी वाचायचे आणि ती ज्वारी निवडता निवडता मला अडवायची.

"ह्यांचा वार कोनता?"

"दिला नाही."

"आन् निवद?"

पुस्तकात लिहिलं होतं की हे देव अमृतासारखं काहीतरी खातात आणि ते त्यांचं त्यांनाच मिळतं. आईला ते मुळीच पटलं नाही. "मंग मानसाची गरजच काय त्यास्नी?" ती म्हणाली. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

डिमीटरची गोष्ट आली त्या दिवशी मात्र आईचे हात थांबले. डिमीटर म्हणजे धान्याची देवी. तिची लेक पर्सेफनी रानात फुलं तोडत होती, तेवढ्यात पाताळाचा राजा हेडीस जमीन फोडून वर आला आणि तिला रथात घालून खाली घेऊन गेला.

"कुनीच अडवलं न्हाई?"

"तिच्या बापानंच होकार दिला होता."

"आसंल," असं म्हणून आईनं वडिलांकडे एकदा बघितलं. वडील पेपरात डोकं घालून बसले.

पुढे डिमीटर रुसली, रानं वाळली, दाणा उगवेना. तेव्हा देवांनी घाबरून लेक परत आणायचं ठरवलं. पण लेकीनं तिथं डाळिंबाचे सहा दाणे खाल्लेले. पाताळातलं खाल्लं की पाताळाचं व्हावं लागतं. म्हणून वर्षातले सहा महिने ती खाली, सहा महिने आईकडे. "रानं वाळवली ते बरंच केलं," आई म्हणाली. भर दुष्काळात ती असं म्हणाली याचं मला नवल वाटलं.

मग माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. आदल्या उन्हाळ्यात माझ्या अक्काचं लग्न झालं होतं, निलंग्याच्या पलीकडे एका खेड्यात. तिला पाठवताना आई ऊर फुटेस्तोवर रडली होती. आणि त्याच वर्षी पाऊस गेला. म्हणजे हा दुष्काळ आमच्या आईनं आणला होता! मला भीती वाटली आणि खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटला. अक्काला सातवा महिना लागलेला, पहिलं बाळंतपण माहेरी, आठ दिवसांत तिला आणायचं ठरलेलं. आता एकच धोका उरला होता. वर्षभर ती तिथं भाकरी खातच होती हे मला कळत होतं, पण पुस्तकात भाकरीबद्दल काही नव्हतं. मी वडिलांच्या पिशवीतलं एक कार्ड घेतलं आणि लिहिलं: "अक्का, तिथं डाळिंब मुळीच खाऊ नकोस. त्यांनी कितीही आग्रह केला तरी नको. खाल्लंस तर तुला परत येता येणार नाही. आईला सगळं माहीत आहे."

कार्ड उघडं असतं. आणि त्या गावात पोस्टमन नुसतं कार्ड देत नसे, ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवी, कारण बहुतेक घरांत वाचणारं कुणी नसायचं. अक्काच्या सासऱ्यानं आदल्याच दिवशी निलंग्याच्या बाजारातून गर्भार सुनेसाठी डाळिंबं आणली होती. दुष्काळात, चौपट भावानं. शेजारपाजाऱ्यांच्या समोर ते कार्ड वाचलं गेलं.

चौथ्या दिवशी त्यांच्या गावचा एक माणूस कचेरीत कामाला आला आणि निरोप देऊन गेला. "आमी सुनंला इख घालतो आसं वाटतंय न्हवं तुमाला? मंग पाठवत न्हाई. बाळंतपन हितंच हुईल."

खेड्यात सुईणीखेरीज काही नव्हतं. आमच्या शेजारची पोर अशाच एका गावात बाळंतपणात गेली होती, ते आईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. वडिलांनी निरोप सांगितला तेव्हा तिनं हातातलं ज्वारीचं सूप खाली ठेवलं. कार्ड मीच लिहिल्याचं मी कबूल केलं. मला वाटलं आता पाठ सोलून निघणार. तिनं हातही उगारला नाही, त्यानं मी जास्त घाबरले. "उद्या तूच चल," ती म्हणाली. "तुजे देव तूच निस्तर."

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. म्हणून आईनं फिरकीचा तांब्या भरून बरोबर घेतला. एस.टी. वाटेत दोनदा बंद पडली आणि तो तांब्या मीच रिकामा केला. फाट्यावरून गावापर्यंत चालत गेलो तेव्हा आईच्या ओठांना पापुद्रे आले होते.

आम्ही पोचलो तेव्हा घरात कुणीच नव्हतं. थोड्या वेळानं दोघी पाणी घेऊन आल्या. पुढे अक्का, काखेत एक कळशी, एवढं मोठं पोट घेऊन सावकाश चालणारी. मागे तिची सासू, डोक्यावर दोन घागरी. विहीर मैलभर लांब होती. अक्काचा चेहरा एवढासा झाला होता. आपण काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं आणि रडू आलं.

सासूनं रीतीप्रमाणे तांब्या पुढे केला, पण तोंड फिरवून. रीतीप्रमाणे आईनं त्याला नुसता हात लावून तो खाली ठेवायचा होता. आईनं तो उचलला आणि घटाघटा पिऊन रिकामा केला. सासू बघतच राहिली. अक्का म्हणाली, "माय, आगं..."

"ईनबाई," आई म्हणाली, "मनात किल्मिष आसतं तर पेले आसते का? ही पोरगी येडी हाय. हिच्याकूनच ऐका."

मग मी ओसरीवर उभी राहून सगळं सांगितलं. तोवर सासरेही आले होते. ते आधी गुरकावले, पण गोष्ट ऐकता ऐकता हळूहळू सरकत जवळ आले. "ह्यो ग्रीक देश कुठं म्हनलीस, बिदरच्या पल्याड?" त्यांनी विचारलं. मी लई लांब म्हटलं. "पर त्या पाताळवाल्याचं तरी काय चुकलं? लगीनच केलं न्हवं?" मी म्हटलं, विचारलं नव्हतं कुणाला. डाळिंबाशी आले तेव्हा ते एकदम हसले, मग कपाळाला हात लावून बसले. पोस्टमनच्या नावानं त्यांनी दोन शिव्या हासडल्या आणि माझी सुटका झाली.

सासू मात्र हसत नव्हती. ती भिंतीला टेकून विचार करत होती. "त्ये समदं खरं," ती म्हणाली, "आई रुसली, बाप वाटण्या करून राहिला, नवऱ्यानं दाने चारले. पोरगी सोता काय म्हनली? तिला कुठं ऱ्हायाचं व्हतं?"

मी पुस्तक मनातल्या मनात पान पान उलटलं. पर्सेफनी किंचाळली असं होतं. नंतर ती काही बोलल्याचं कुठंच नव्हतं. "लिहिलं नाही," मी म्हटलं.

 मग आम्ही सगळे अक्काकडे बघायला लागलो. ती उंबऱ्यापाशी पाय लांब करून बसली होती. तिला मीही कधी विचारलं नव्हतं. दीडदमडीचे प्रश्न जगभराच्या देवांना विचारत फिरणारी मी, पण तिच्यासाठी माझ्या कार्डातही एक प्रश्न नव्हता.

"तू सांग गं," सासू म्हणाली. "तुला जायाचं हाय का ऱ्हायाचं?"

अक्कानं आईकडे बघितलं, सासूकडे बघितलं. "मला निजायचं हाय," ती म्हणाली. "लई दिस झाले."

सासू उठली. तिनं आत जाऊन वाकळ आणली, ओसरीच्या सावलीत अंथरली आणि अक्काला दंडाला धरून तिच्यावर आडवं केलं. "उद्या सकाळच्याला घिऊन जावा," ती आईला म्हणाली, वर न बघता. मग आई आणि ती, दोघींनी आणलेलं पाणी रांजणात ओतलं, रिकाम्या घागरी उचलल्या आणि विहिरीच्या वाटेला लागल्या. सासरे पायरीवर विडी न पेटवता तशीच धरून बसले. मी अक्काच्या तोंडावरच्या माश्या वारत राहिले. तिला केव्हाच झोप लागली होती. फाट्यावर लातूरची एस.टी. आली, दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली. तिला कुणी उठवलं नाही.