कोपऱ्याला शेजारी कमी

चहा पिऊन झाला की भास्करराव पेला उजेडाकडे धरून त्याच्या कडेवरून बोट फिरवत. इनॅमलचा टवका उडालेला दिसला की खूश. "बघा, पुन्हा कडेलाच!" पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा हिला वाटलं, पेला नीट घासलेला नाही असं सुचवतायत. ती चिडलीच.

फ्रीगंज मोहल्ल्यात त्यांची-आमची भिंतीला भिंत. ते कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, अविवाहित. धाकटा भाऊ वसंता आणि त्याची बायको-मुलं यांच्यासोबत राहत. मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला आणि कचेऱ्यांना नव्या पाट्या हव्या झाल्या. इथल्या एका कारखान्यात लोखंडी पत्र्यावर इनॅमल चढवून त्या करत. भट्टीतून निघालेली पाटी आरशासारखी दिसे, पण निवताना कोपऱ्यांचे टवके उडत. शेठजींनी भास्कररावांना गाठलं.

"लोखंड जास्त आकसतं, इनॅमल कमी. जन्माचे चिकटलेले, पण स्वभाव वेगळे," ते म्हणाले. मग त्यांनी निवणारी पाटी कागदावरच उभी केली. चौकोन आखायचे, प्रत्येकात तापमान लिहायचं, ते शेजारच्या आकड्यांच्या सरासरीवरून दुरुस्त करायचं आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून. त्यावरून ताण काढायचा. संध्याकाळी ओट्यावर बसून मी सरासऱ्या तपासत असे.

"कोपऱ्याला शेजारी कमी. तो सगळ्यांच्या आधी निवतो," ते म्हणत. "सांभाळायचं ते त्यालाच."

त्याच सुमारास वसंताची कचेरी भोपाळला हलली. "दादा, तुम्हीपण चला. इथे कोण आहे तुमचं?"

"आता शेवटची पाटी करून बघायचीय. ती फुटली तर शेठजी काम बंद करणार. मग येतोच तुझ्याबरोबर. टिकली, तर थांबावं लागेल."

शेवटच्या परीक्षेला त्यांनी आपल्या दारासाठी पाटी केली. कोपरे गोल, थर पातळ, वर दोघा भावांची नावं. ते, वसंता आणि मी शेठजींबरोबर भट्टीपाशी उभे राहिलो.

"मास्टरसाब, काग़ज़ पे तो सब टिकता है," शेठजी म्हणाले.

"इस बार भट्टी से ही पूछ लेते हैं."

पाटी बाहेर आली. टवका उडताना टिक असा आवाज होतो, त्यासाठी सगळे कान लावून होते. पाटी हाताला गार लागली तरी आवाज झाला नाही.

"जम गई, मास्टरसाब!"

भास्करराव हसले, पण वसंताकडे त्यांनी पाहिलं नाही. घरी येताना वसंता म्हणाला, "दादा, एक टवका उडाला असता तर काय फरक पडला असता?"

"मला खोटं उडवता आलं नसतं रे."

वसंता बायको-मुलांना घेऊन गेला. पाट्यांचं काम पुढे संपलं. भोपाळला जायचं मात्र राहूनच गेलं. विचारलं तर म्हणत, "आता इथले आकडे हलायचे थांबलेत." दारावर दोन नावं, आत एक माणूस. संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसत आणि माझ्या दाराची कडी वाजली की मान वळवत.

गेल्या थंडीत ते गेले. घर रिकामं करायला वसंता आला, आणि सर्वांत शेवटी त्याने पाटी काढली. एकेका कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"एकपण टवका नाही हो," असं म्हणून तो ओट्यावर बसला.

मी कडी लावून त्याच्या शेजारी जाऊन बसलो.