अण्णांचा बर्फ

आत्ता या क्षणी आकाशात जी हजारो माणसं सुखरूप उडत आहेत, ती बनशंकरीतल्या एका माणसाच्या जागरूकतेमुळे. हा माणूस आमच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि त्याला निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, ही बातमी विमानांपर्यंत अजून पोचलेली नाही.

अण्णांनी अख्खी नोकरी विमानांच्या इंधनाच्या टाक्या तपासण्यात घालवली. टाकीच्या तळातून बाटलीभर इंधन काढायचं, उजेडात धरायचं आणि पाणी दिसलं तर विमान अडवून ठेवायचं. नोकरी सुटली, सवय राहिली. एकदा त्यांनी माझ्या स्कूटरचं पेट्रोल काढून सूर्याकडे धरलं. "सरी, ठीक आहे, पाणी नाही. जा आता इंदिरानगरला," म्हणाले. ऑफिसात उशिराचं कारण मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

जिन्यात गाठ पडली की बर्फ सुरू. "अरे, स्वल्प थांब. इंधनात पाणी असतंच, डोळ्यांना न दिसणारं. वर उणे पन्नासाची थंडी. त्या पाण्याचे बर्फकण नळीत आतून चिकटून बसतात. तासन्‌तास काही होत नाही. उतरताना पायलट जोर मागतो, सगळा बर्फ एकदम सुटतो आणि पुढची वाट बुजते. इंजिन उपाशी!" त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, होत्या तोवर आतून ओरडायच्या, "अहो, सोडा त्याला, त्याचं दूध उतू जाईल!" आता सोडवणारं कुणी नाही. मी पूर्ण ऐकतो.

गेल्या वर्षी त्यांची टोरांटोची मुलगी नाताळच्या सुट्टीत येणार होती, पाच वर्षांनी. अण्णांनी खोली रंगवून घेतली. आणि आनंदाच्या भरात सात वर्षांच्या नातवाला व्हिडिओ कॉलवर बर्फ समजावला, हातवाऱ्यांसकट. पोरगं रडलं. दोन दिवसांनी मुलीचा फोन आला, "अण्णा, तो विमानात बसायलाच तयार नाही. तिकिटं रद्द केली."

पुढचे चार रविवार अण्णा नातवाशी कॉलवर स्वतःच्याच बर्फाविरुद्ध बोलले. गरम तेलाच्या नळ्यांजवळून इंधन कसं नेतात, बर्फ धरू नये म्हणून त्यात काय मिसळतात, सगळं. शेवटी नातवाने विचारलं, "सगळ्या विमानांत असं करतात, आजोबा?"

मी शेजारून 'हो म्हणा' अशी जोरजोरात मान हलवत होतो.

"मी तपासली त्यांत," अण्णा म्हणाले.

जानेवारीत फोटो आले. मुलगी, जावई, नातू, तिघं मेक्सिकोच्या समुद्रकिनारी, नातू वाळूत कमरेपर्यंत पुरलेला, हसतोय. अण्णांनी फोन माझ्या हातात दिला, परत घेतला, नातवाचा चेहरा बोटांनी मोठा केला. ते तिथे कसे गेले, हे मी विचारलं नाही.

"टोरांटोहून चार तासांचं उड्डाण," अण्णा आपणहून म्हणाले. "तेवढ्यात फारसं काही साचत नाही."